रात्री दहा ते बारा : गाण्यांच्या यादीच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

आजपासून रात्रीचे दोन तास माझ्याकडे आले. आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आजवर रात्री नऊला बंद व्हायचं. आता कारखान्याचा हंगाम सुरू होतोय, शेतीची लाइट आठवड्याआड रात्रीची असते, रुग्णालयात रात्रपाळी तर बारा महिने असतेच. एवढी माणसं जागी असताना आपण झोपायचं का, असा विषय बैठकीत निघाला आणि हंगाम संपेपर्यंत सोमवार ते शनिवार दहा ते बारा चालवून बघायचं ठरलं. शंभर वॅटचा ट्रान्समीटर आहे, दहा-बारा किलोमीटरचा परिसर. कृष्णाकाठची आमची गावं येतात आणि मिरजेचा काही भाग.

दिवसा मी पतसंस्थेत खातेवह्या लिहिते, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय आहे. या वहीत एकच गोष्ट लिहायची आहे. कोणतं गाणं लागलं आणि ते कुणामुळे लागलं.

आजची वीस गाणी माझी. सगळी भावगीतं, सगळी संथ. मला वाटलं, रात्र आहे तर संथच हवं.

६ नोव्हेंबर

शाळेतल्या मित्राचा अकरा वाजता फोन आला. तो उसाला पाणी पाजत होता. मागून मोटारीची घरघर येत होती, म्हणून ओरडूनच बोलत होता. "तुझं गाणं सुरू हुईस्तोवर माझी सरी भरून फुटती बघ. ते आधीचं वाजवणंच सरत न्हाई."

मी म्हटलं, तो वाद्यमेळ म्हणजे त्या गाण्याचा अर्धा जीव आहे. तो म्हणाला, "आसंल की. पर हितं मोटारीजवळ ऐकाय ये एकदा."

११ नोव्हेंबर

गेले. भाऊ सोबत होता. आजचा कार्यक्रम तंत्र बघणाऱ्या पोराने चालवला.

साडेदहाला लाइट आली. मित्राने स्टार्टर दाबला, मोटारीने पाणी उचललं आणि खोपटाचा पत्रा थरथरायला लागला. त्याचा फोन खिळ्याला टांगलेला होता. इअरफोनची वायर खाली लोंबत ठेवायची, कारण फोनमधल्या एफएमला तीच एरियल लागते. वायर काढली की नुसती खरखर. आवाज मात्र स्पीकरवर. वायरीचं टोक त्याने खुंटीला दोरीने बांधून ठेवलं आहे, कोणत्या बाजूला ओढली की केंद्र स्वच्छ लागतं ते चार रात्री करून बघून.

मी पाइपांच्या ढिगावर गोधडी घेऊन बसले आणि लिहीत गेले. डग्गा पूर्ण गेला, मोटारीच्या घरघरीत त्याचा घुमारा विरघळून जातो. तबल्याच्या चाटीवरची बोटं ऐकू येतात. सतार अर्धी येते. पुरुषाचा खर्ज येत नाही, बाईचा चढा आवाज पाण्यावर तेल तरंगावं तसा वर राहतो. सनई स्पष्ट येते. सगळ्यांत स्पष्ट टाळ. अभंग लागला तेव्हा मित्र तीन सऱ्या पलीकडे दारं धरत होता, तिथून त्याने हात वर केला. तिथवर टाळ पोचला होता.

दुसरी गोष्ट मला स्टुडिओत बसून कधीच कळली नसती. तो एका जागी नसतो. सरी भरली की खोऱ्याने पाट फोडायचा, पुढच्या सरीला पाणी लावायचं, टोकाला जाऊन बघायचं, परत यायचं. गाणं त्याच्या कानावर मधूनच पडतं आणि मधूनच सुटतं. म्हणजे कुठूनही धरता येईल असं गाणं हवं, ध्रुवपद फिरून फिरून येणारं. मी पहिल्या आठवड्यात एक मोठा पोवाडा लावला होता. त्यातला कोण कुणाला भेटला आणि कोण पडला, हे त्याला काहीच कळलं नव्हतं.

बाराच्या सुमारास फ्यूज गेला. मोटार पडली आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत फोनमधलं गाणं एवढं मोठं झालं की आम्ही तिघंही दचकलो. मग तो फ्यूज घालायला गेला नाही. गाणं संपेपर्यंत थांबला.

१३ नोव्हेंबर

यादी बदलली. अकरापर्यंत अभंग, गवळणी, लोकगीतं, आणि त्यातही टाळ किंवा सनई असलेली आधी. लांब वाद्यमेळाची गाणी साडेअकरानंतर.

१९ नोव्हेंबर

मिरजेचे चाचा केंद्रावर आले. तंबोरे करतात. त्यांचे वडील आणि आजोबाही तेच करायचे. पंढरपूरकडचे भोपळे आणून ते वाळवण्यापासून सगळं काम घरात चालतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही त्यांची मुलाखत घेतली होती. तेव्हापासूनची ही ओळख, आणि आता ते रोज रात्री ऐकतात.

म्हणाले, "बेटा, जवारी काढायच्या वेळी मी तुझा रेडिओ बंद करतो. वाईट वाटून घेऊ नको."

जवारी काढणं म्हणजे तारेचा आवाज खुलवणं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने घासत घासत तार जिथे जेमतेम टेकते तिथवर आणायचा, मग तारेखाली सूत सरकवत जायचं. सूत केसभर इकडे झालं तर आवाज बोथट, केसभर तिकडे झालं तर नुसती झणझण. मध्ये एक जागा अशी येते की तार आपोआप उघडते आणि तिच्यातून गंधार ऐकू यायला लागतो. त्या कामात रेडिओ चालणारच नाही, हे मला समजलं. पण त्यांची तक्रार वेगळी होती. नक्षी आणि पॉलिश करतानाही त्यांना मध्येच बंद करावा लागतो.

"एक गाणं काळी दोनमध्ये, त्याच्या पाठीवर दुसरं पांढरी तीनमध्ये. कान एका घरात बसला की तू त्याला उठवतेस. सगळी रात्र बिऱ्हाड बदलण्यातच जाते."

मी गेली पंधरा वर्षं गाणी ऐकते. विषय बघितला, लय बघितली, गायक बघितला, पण शेजारी शेजारी कोणते षड्ज बसतात, म्हणजे कोणत्या गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर आहे, ते कधी बघितलं नाही. चाचांनी केंद्रावरची पेटी पुढे ओढली आणि माझ्या यादीतल्या दहा गाण्यांचे षड्ज पेन्सिलीने लिहून दिले. मग एक साधी वाट दाखवली. काळी एकच्या गाण्यानंतर काळी चारचं लावायचं, कारण काळी चार हा काळी एकचा पंचम, म्हणजे 'प', आहे. कानाला नवं घर अनोळखी वाटत नाही, कारण तंबोऱ्याच्या पहिल्या तारेत ते आधीच वाजत होतं. जुन्या पद्धतीच्या गाण्यात पुरुष बहुधा काळी एक-दोनच्या आसपास आणि बायका काळी चार-पाचच्या आसपास गातात. म्हणजे एक पुरुषाचं, एक बाईचं असं लावत गेलं की निम्मं काम तिथेच होतं.

आता यादीत वेळेच्या शेजारी षड्जाचा रकाना आहे. एक यादी करायला पूर्वी अर्धा तास लागायचा, आता दीड लागतो. पण आज दोन गाण्यांमध्ये मला काही बोलावंच लागलं नाही. पूर्वी मी सांधा लपवायला बोलत होते, हे आता लक्षात येतं.

२ डिसेंबर

सव्वाअकराला मी एक पाळणा लावला. छान जुना पाळणा, टाळ नाही, काही नाही, नुसता आवाज आणि मागे सारंगी. त्याच वेळी माझी नर्स मैत्रीण प्रसूती कक्षात रात्रपाळीला होती. तिच्या टेबलावर हळू आवाजात आमचंच केंद्र चालू असतं, पलंगांवरच्या बायकाही ऐकतात. तिचा फोन कार्यक्रम संपल्यावर आला.

"अगं, चुकलीस असं नाही म्हणत. तुला कसं कळणार? पण आज संध्याकाळी एकीचं बाळ गेलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती उठून बसली. मी रेडिओ बंद केला तर म्हणाली, राहू दे, आता ऐकलंच आहे."

मला झोप आली नाही.

४ डिसेंबर

पाळणे वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवले. यादीतून कायमचे काढावेत असं माझं मत होतं. मैत्रीण नको म्हणाली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिथे दहापैकी नऊ रात्री त्या गाण्यांची गरजच असते. बायका पहिल्यांदा बाळ छातीशी घेतात, घाबरलेल्या असतात, सासू-आई बाहेर असते. म्हणून असं ठरलं की तिची रात्रपाळी असेल त्या दिवशी पावणेदहाला तिचा एक शब्द येईल, "चालेल" किंवा "नको". कारण विचारायचं नाही, तिनेही सांगायचं नाही. तिथली माणसं आणि त्यांची दुःखं तिथेच राहायला हवीत. तिची रात्रपाळी नसेल तेव्हा पाळणा नाही.

आज "चालेल" आलं.

१६ डिसेंबर

कारखान्याच्या अड्ड्यावर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग असते. नंबर लागेपर्यंत चार तास, कधी आठ. वजनकाट्यापासून ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत नुसता खोळंबा. बॉयलिंग हाउसला, म्हणजे रस आटवतात तिथे, असलेले दादा माझ्या भावाचे मित्र. त्यांनी तिथल्या ड्रायव्हरांना आमची फ्रिक्वेन्सी सांगितली आणि तेव्हापासून फोनची घंटा थांबत नाही. त्यांना डफ, हलगी, तमाशातली लावणी हवी. ट्रॅक्टरवरच्या त्या मोठ्या स्पीकरांत मित्राच्या फोनमध्ये हरवणारा डग्गा दुप्पट होऊन येतो.

इथे मला पहिल्यांदा दोन मित्रांमधून निवड करावी लागली. चाचांचे षड्ज की दादांची हलगी? शेवटची पंधरा मिनिटं अड्ड्याला दिली. बाराला पाळी बदलते, दादा चार ते बाराची पाळी संपवून घरी निघतात आणि भोंगा वाजतो. तो भोंगा स्टुडिओच्या खिडकीतूनही ऐकू येतो. त्याच्या आत शेवटचं गाणं संपवायचं.

१ जानेवारी २०२६

चाचांच्या आजोबांच्या तबकड्या केंद्रावर आल्या. एकूण चाळीस, त्यांतल्या सहा तडकलेल्या. लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या. त्यांची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई त्यात खाली घासते आणि सगळा कचराच वाजवते. जाड सुई मिळवायला तीन आठवडे गेले.

नव्या वर्षाचा पहिला दिवस मुद्दाम निवडला. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. म्हणजे १९६५ साली बाहेर आलेली मुद्रणं आजपासून मोकळी. पण कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. ते दोन्ही बघितल्याशिवाय तबकडी मोकळी झाली असं म्हणता येत नाही. दुपारभर चाचांबरोबर बसून एकेक तबकडी तपासली. 'संगीत स्वयंवर'मधलं पद निघालं. नाटक १९१६ चं, पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ साली गेले. गाणारे बालगंधर्व, तबकडी १९६५ च्या कितीतरी आधीची. सगळ्या बाजूंनी मोकळं. खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्वांचं गाव नागठाणे. पूर्वी हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आज ते हातात धरलं होतं, आणि ते जड होतं.

रात्री अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली. खाँसाहेब किराणा गावचे, पण राहिले मिरजेत. १९३७ साली प्रवासात गेले आणि त्यांना मिरजेतच दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्यांच्या तबकडीने लहानपणी भीमसेन जोशींना घर सोडायला लावलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सव्वातीन मिनिटांची एक बाजू. आवाज इतका उंच आणि इतका बारीक की सुईची खरखर पावसासारखी मागे राहिली.

शेतातल्या मित्राचा फोन आला. "हे कोण गं? मोटारीवरनं सगळं ऐकू आलं."

मी चाचांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

११ जानेवारी

रविवार. प्रसारित केलेलं सगळं तीन महिने जपून ठेवायचं, अशी आमच्या परवान्याची अट आहे. त्याचा आज उपयोग झाला. डिसेंबरमधला एक आठवडा काढून सगळा ऐकला आणि वहीशी ताडून बघितला. सहा रात्री, ११८ गाणी. शेतातल्या मित्रामुळे ३१, अड्ड्यावरच्या ड्रायव्हरांमुळे २७, चाचांमुळे २२, मैत्रिणीमुळे १९, माझी स्वतःची १४. उरली पाच. बाकी सगळ्या गावांतल्या सगळ्या माणसांची मिळून पाच.

मला आनंदही झाला आणि धडकीही भरली. आनंद याचा, की माझी एकटीची यादी कुणालाच पुरली नसती. धडकी याची, की आम्ही चौघा-पाचांनी मिळून हवा वाटून घेतली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं म्हटलं, न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. आमच्यासारखी केंद्रं उभी राहिली ती त्या निकालाच्या जोरावर. तो निकाल मी प्रशिक्षणात पोरांना सांगते.

मित्रांनी रेडिओ भरून टाकणं नवीन नाही. झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव सगळ्या हिंदुस्तानाला माहीत झालं ते तिथल्या फर्माइशींमुळे. तिथली दोस्तमंडळी चढाओढीने पत्रं पाठवायची आणि पत्रात एकमेकांची नावं घालायची. ते मला लहानपणापासून फार आवडतं, अजूनही आवडतं. पण तिथे पत्र लिहिता येणाऱ्याचंच नाव लागलं. आणि आमच्याकडे ज्याच्याकडे माझा नंबर आहे त्याचं.

रांगेतल्या ट्रॉल्यांमधला ऊस ज्यांनी तोडला, त्यांचं एकही गाणं त्या ११८ मध्ये नाही.

१८ जानेवारी

संध्याकाळी कारखान्यामागच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर गेले. दादांनी एका ट्रॅक्टर ड्रायव्हरची गाठ घालून दिली, त्याची आणि मुकादमाची ओळख होती. बायका नुकत्या फडावरून आल्या होत्या, तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या. मी रेकॉर्डर लगेच काढला नाही. भाकरी थापून होईपर्यंत बसले.

रेडिओ ऐकता का, हा माझा प्रश्नच चुकीचा होता. नऊला झोपतात, तीनला उठतात. माझे दोन तास त्यांच्या झोपेच्या बरोबर मध्ये येतात.

एक बाई, माझ्याच वयाची, बीडकडची. उसाच्या पाल्याने हातांवर बारीक चिरा पडलेल्या. आईच्या जात्यावरच्या ओव्या येतात म्हणाली, पण इथे जातं नाही, मग हात रिकामा असताना ओवी कशी म्हणायची? शेवटी तिने परात उपडी घातली आणि तिच्यावर तळहात गोल फिरवत तीन ओव्या म्हटल्या. परातीचा घासल्याचा आवाज मुद्रणात आला आहे. तो मी काढणार नाही.

नाव सांगू का विचारलं तर म्हणाली, "नगं. बीडकडची म्हना नुसतं."

२३ जानेवारी

ओव्या पावणेबाराला लावल्या, अड्ड्याच्या पंधरा मिनिटांत. तिथे नेहमी हलगी असते. आधी काही बोलले नाही, एवढंच म्हटलं, "बीडकडच्या एका ताईंच्या ओव्या." परातीचा आवाज, मग तिचा. षड्ज तपासला होता, काळी चारच्या आसपास. त्याआधी काळी एकचा अभंग ठेवला होता.

दोन मिनिटं कुणाचाच फोन आला नाही. मग एक ड्रायव्हर. "ताई, आमच्या तिकडची चाल हाय ही. आई म्हनायची." त्याच्यामागे रांगेतली इंजिनं ऐकू येत होती. त्याने फोन ठेवला नाही. ओव्या संपेपर्यंत तसाच धरून होता.

५ फेब्रुवारी

शेतातला मित्र रुसला. आठ दिवस फोन नाही, म्हणून मीच केला. "माझी दोन अभंगं काढलीस. आता बाहेरच्यांचं लावतीस."

खरं आहे, काढली. ओव्यांना आणि फोनवरून आलेल्या नव्या गाण्यांना जागा हवी होती. मी त्याला आठवड्याचा हिशेब वाचून दाखवला, ३१ गाणी त्याची होती ते सांगितलं. तो गप्प झाला. मला वाटलं, आकड्यांनी समजूत पटली. तसं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटायचं ती गाणी तुला आवडतात म्हणून लावतीस."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर खूप वेळ विचार केला. अभंग मी ऐकायला लागले ते त्याच्या मोटारीमुळे, आणि आता ते मला खरोखर आवडतात. हे त्याला उद्या सांगायचं.

६ फेब्रुवारी

सांगितलं. तो म्हणाला, मग दोनातलं एक तरी लाव. एक लावलं.

६ मार्च

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. शेवटच्या ट्रॉल्या दुपारी खाली झाल्या. कोप्या उठल्या, पाचटाचे ढीग राहिले. टोळ्या ट्रकांमध्ये भरून निघाल्या तेव्हा मी पतसंस्थेतून तासाभराची रजा घेऊन गेले. ओव्यांचं मुद्रण ट्रॅक्टरवाल्याने मेमरी कार्डात घालून तिला आधीच दिलं होतं. ती ट्रकमध्ये वर बसली होती, परात मांडीवर होती. म्हणाली, माझाच आवाज, पर आईवानी येतोय.

केंद्राची बैठक झाली, कार्यक्रम पुढे चालू राहणार. अड्ड्याची पंधरा मिनिटं आता रिकामी आहेत. मैत्रिणीची या आठवड्यात रात्रपाळी आहे, तिला विचारलं तर म्हणाली, बाराच्या आधी औषधांची फेरी असते, तेव्हा काहीतरी हळू लाव, पावलांचा आवाज ऐकू येईल इतकं हळू. चाचांकडे अजून अकरा तबकड्या धुवायच्या राहिल्या आहेत. सोमवारी पहिल्या तीन आणणार आहेत.